मांडवातलं पहिलं गाणं

अकोल्यात माझं शिवणाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या समोर एका डीजेवाल्याचं गोदाम. स्पीकरची काळी खोकी, आवाज वाढवणाऱ्या 'अँपली', लोखंडी सांगाडे, दिव्यांच्या माळा आणि पुढून नवरदेवासारखा सजवलेला एक छोटा ट्रक. तो ट्रक माझं अर्धं दार अडवतो, म्हणून सुरुवातीला आमची चांगलीच जुंपली होती. लग्नसराईच्या तोंडावर तो खोकी तपासायला लागला की माझ्या टेबलावरची कात्री सरकत सरकत कडेला यायची. बाहीची लांबी विचारायची तर गिऱ्हाइकाच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. एके दिवशी मी गळ्यातली टेप तशीच ठेवून तणतणत भांडायला गेले. पण मी पडले चौकस. समोर बटणांनी भरलेली एक पाटी दिसली आणि भांडणाच्या ऐवजी तोंडातून प्रश्न निघाला, "एवढी बटनं कायले लागतात रे?"

"काकू, बटनं तं पब्लिकले दाखवाले हायेत," तो म्हणाला. "कामाची चारच."

तिथून आमचं जमलं. माणूस तसा फुशारकीचा. पस्तिशीचा असेल, केस तांब्याच्या रंगाचे केलेले, गोदामाच्या अंधारातसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा. विचारलं एक तर सांगणार दहा, आणि त्यातल्या चारांवर विश्वास ठेवावा. पण लग्नात कुठलं गाणं कधी लावायचं हे माणूस ठरवतो तरी कसं, याचं मला फार वर्षांपासून कुतूहल होतं, आणि सांगणारा आयता समोर राहत होता. मग मी काजं करायला ब्लाउज घेऊन त्याच्या गोदामात जाऊन बसू लागले.

तो म्हणे, आपण आधी पाय पाहतो. नवे बूट घातलेला पाहुणा पहिला अर्धा तास नाचत नाही, बूट चावतात. उंच टाचेच्या बायका गवतावर येत नाहीत, टाच रुतते. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचं गाणं लावायचं, म्हणजे त्या जागच्या जागी खूश. बार्शीटाकळीकडची भाजीपाला लावणारी मंडळी असली तर चांगली गाणी आधीच वाजवून टाकायची. पहाटे गाडी भरून बाजार गाठायची त्यांना सवय, जेवण झालं की ती घराकडे निघतात. "त्याइच्यासाठी शेवटाले काही राखून ठेवलं तं थे राखेलच राह्यते," असं तो म्हणाला. अमरावती शहरातल्या लग्नात लोक कॅमेरा आला की नाचतात आणि कॅमेरा गेला की रुमालानं घाम पुसत उभे राहतात. तिथं त्याचं लक्ष नाचणाऱ्यांपेक्षा कॅमेरावाल्यावर जास्त असतं.

नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोरांबद्दल त्याचं एक वेगळंच मत होतं. त्यांना म्हणे नुसता ठोका आवडत नाही, आठवडाभर कानात ठोकाच असतो. त्यांना शब्द स्वच्छ ऐकू येतील असं गाणं हवं असतं. हे खरं की त्याच्या डोक्यातून निघालेलं, देव जाणे. मी त्या बाजूच्या दोन पोरांना विचारलं, तर एक म्हणाला हो आणि दुसरा म्हणाला, काकू, आम्ही कशावरही नाचतो.

त्याची सगळ्यात हुशारीची गोष्ट मला बायकांची वाटली. बायकांना नाचायचं असतं, पण पिऊन आलेले चारजण मधोमध लोळत असतील तर त्या पुढे येत नाहीत. अशा वेळी हा पठ्ठ्या कुणाला काही म्हणत नाही. एकदम संथ, हळदीतलं वगैरे गाणं लावतो. पिणाऱ्यांना संथ गाण्यावर काय करावं ते सुचत नाही, ते वैतागून पाणी प्यायला जातात. तेवढ्यात बायका रिंगणात उतरतात, आणि त्या उतरल्या की हा हळूहळू ठोका वाढवतो. परत येणाऱ्यांना मग जागाच उरत नाही.

एक गाणं संपायच्या आत दुसरं कसं सुरू होतं, तेही मी विचारलं. त्यानं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. बाहेर खोक्यांतून एक गाणं चालू होतं आणि माझ्या कानात दुसरंच. मला तर गरगरायला लागलं. तो म्हणाला, पुढचं गाणं आधी कानात घ्यायचं, त्याचा ठोका बाहेरच्या ठोक्याशी बसवायचा आणि मग खालून वर आणायचं. अस्तर लावताना आम्ही तेच करतो. आतल्या कापडाची शिवण बाहेरच्या शिवणीवर बसली तर ब्लाउज ओढत नाही. हे मी त्याला सांगितलं तर त्याला काही विशेष वाटलं नाही.

"अन् पहिलं गाणं? थे कसं ठरवतं?"

त्यानं चष्मा काढला आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. "पयलं गाणं ठरवाचं नसते, काकू. पयला गणपती. मशीन चालू झाली की आधी बाप्पा, मंग दुनिया. एक डाव नवरदेवाच्या दोस्ताइनं घाई केली, बाप्पा राह्यला, तं माया दोन अँपली जळल्या. तवापासून कानाले खडा."

माझ्या हातातली सुई बोटात टोचली. कारण पहिल्या गाण्याचं माझं कुतूहल साधं नव्हतं.

माझं माहेर रिद्धपूरजवळचं. आम्ही महानुभाव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रधर स्वामी धरून पाचच परमेश्वराचे अवतार, आणि दुसऱ्या देवापुढे हात जोडायचे नाहीत. कुणाच्या देवाला वाईट बोलायचं नाही, पण आपण वाकायचं नाही. बाबा या बाबतीत फार कडक. संत्र्याच्या बागेत मजुरांच्या पोरांना खाऊ वाटतील, शेजाऱ्याच्या घरच्या गणपतीला दुर्वा काढून नेऊन देतील, पण आरतीला थांबणार नाहीत.

सासर मात्र तसं नव्हतं. माझ्या लग्नात बाबांनी अट एकच घातली होती. मंगलाष्टकं आमच्या पद्धतीनं, आमच्याकडचे एक जाणते गृहस्थ म्हणतील. सासरच्यांनी ती मान्य केली. पण बँडवाल्याला कुणी काही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा डीजे नव्हता. मंगलाष्टकांच्या आधी बँडवाल्यानं सवयीनं गणपतीची आरती धरली, सासरकडचे सगळे हात जोडून उभे राहिले, आणि बाबा खुर्चीवरून उठून मांडवाबाहेर निघून गेले. ते परत येतील म्हणून मी अंतरपाटाच्या कडेनं बघत होते. माझं लग्न लागलं तेव्हा बाबा मांडवात नव्हते. पाठवणीला फाटकाजवळ उभे दिसले, डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर सगळं नीट. अकोल्याला येतात, जावयाशी कापसाच्या भावावर वाद घालतात, पिशवीभर संत्री आणतात. त्या दिवसाचा विषय मात्र ना त्यांनी काढला ना मी. मला राग होता. खरं सांगते, अजूनही होता. देवासाठी उठले हे मला कळत होतं, पण माझ्यासाठी बसले का नाहीत, हे कळत नव्हतं.

आणि आता माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. स्थळ मीच सुचवलेलं. बार्शीटाकळीचं, मुलाच्या घरी वांगी, कोबी, मेथी, अकोल्याच्या बाजारात रोजची गाडी. माणसं चांगली, हसरी, पण गणपतीशिवाय पानही न हलणारी. भाची लग्नाच्या ब्लाउजचं माप द्यायला माझ्याकडे आली. मी पाठीवर टेप लावली होती, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "आत्या, माया लग्नात आबा बसतीन नं?"

घरात कुणी बोलत नसलं तरी पोरांना सगळं ठाऊक असतं. मी म्हटलं, बसतील की. आणि ती गेल्यावर बाबांना फोन लावला.

"मले काय इचारतं?" बाबा म्हणाले. "पाव्हण्याइच्या घरची रीत हाये. थे वाजोतीन."

"अन् तुमी?"

"मी पाहीन," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'पाहीन'वर मी बरेच दिवस डोकं खाजवत राहिले.

मुलाकडच्यांनी डीजे ठरवला तो हाच, आमच्या समोरचा. ते कळल्यावर मी चहाचा थर्मास घेऊन गोदामात गेले आणि माझ्या लग्नाची गोष्ट त्याला सांगितली. त्यानं मन लावून ऐकली आणि म्हणाला, "काई टेन्शन नाई काकू. गणपती ठेवू बाजूले, इठ्ठलाचं मस्त रिमिक्स हाये."

"विठ्ठल बी नाई."

"मंग देवी?"

"देवी बी नाई. कृष्ण लाव. नाई तं दत्त."

"कृष्ण लावतो, बासरीचं एक लय गोड हाये. पण गणपती झाल्यावर."

"आधी गणपती लागला तं बाबा उठतीन."

"अन् नाई लागला तं माया अँपली जळतीन!"

मी चिडलेच. म्हटलं, तुला काय फक्त मशीनचं पडलं आहे? तोही चिडला. म्हणाला, तुमच्या बाबांचा देव देव आणि माझा काय खेळणं आहे? ते बोलणं मला लागलं, कारण त्यात चूक काही नव्हती. बाबांसाठी मी जे मागत होते तेच तो स्वतःसाठी मागत होता. आम्ही दोघं चहा न घेता बसलो. मी म्हटलं, "हे पाय, तुयं काम लोकाइले उठवाचं हाये. मले एका माणसाले बसवून ठेवाचं हाये. थे जमते का सांग."

तो हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होता. ती वायर पाहता पाहता मला एकदम सुचलं. "गणपती तू कानात काहून नाई लावत? बाहेर बासरी, कानात बाप्पा. मशीन तं बाप्पाच्याच नावानं चालू होईन नं?"

"म्हंजे बाप्पाले मी एकटाच ऐकू?"

"बाप्पाले तुया खोक्याइची गरज हाये का?"

त्यानं बोटाभोवतीची वायर सोडवली. त्याला पटलं की नाही ते मला आजही माहीत नाही, पण थोड्या वेळानं त्याच्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं. "असं कोण्या डीजेनं केलं नसन," तो म्हणाला. फुशारकी माणसाच्या कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही.

लग्न रिद्धपूरजवळच्या एका लॉनवर होतं, भर दुपारचं. कूलर गरम हवा फेकत होते, लग्नाला आलेली अर्धी माणसं कूलरसमोर आणि उरलेली मठ्ठ्याच्या टाकीसमोर. वरात गावाच्या पलीकडच्या टोकावरून निघाली. तिथं ट्रकवरच्या मशीनवर काय वाजलं ते आमच्यापर्यंत आलं नाही. मांडवातलं मशीन वेगळं होतं, बोहल्याच्या डाव्या हाताला. बाबा पुढच्या रांगेत, पांढरा फेटा, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये. मी त्यांच्या बाजूची खुर्ची धरून ठेवली होती. भाची आतल्या खोलीच्या दारातून दिसत होती. ती नवरदेवाकडे बघत नव्हती, आमच्या रांगेकडे बघत होती.

नवरदेव बोहल्याजवळ आला. त्याच्याकडची वडीलधारी माणसं सवयीनं हात जोडायला तयार उभी राहिली. डीजेवाल्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबले, डोळे मिटले आणि बटण सरकवलं. खोक्यांतून बासरी आली. खरंच गोड होती. पण त्या माणसाचा पाय बासरीच्या ठोक्यावर पडतच नव्हता, भलत्याच ठोक्यावर पडत होता, आणि ओठ पुटपुटत होते. इतक्या लोकांत ते फक्त मला कळत होतं. मला हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती.

मुलाकडच्यांचे जोडायला उचललेले हात तसेच राहिले. ते एकमेकांकडे बघू लागले. मग नवरदेवाचे मोठे काका, अंगानं दांडगे, ताडताड मशीनजवळ गेले. बासरी संथ होती, त्यामुळं त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"गणपती काहून नाई लावला रे?"

डीजेवाल्यानं डोळे उघडले. "लागला नं काका. चालूच हाये." आणि स्वतःच्या डोक्यावरचे हेडफोन काढून त्यांच्या फेट्यावरून कानांवर चढवले.

काकांचा चेहरा रागाचा होता तो आधी बावचळला, मग सैल झाला. त्यांनी वळून आमच्या रांगेकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले असावेत. स्थळ जुळवताना मी त्यांना आमच्या पंथाचं थोडंफार सांगितलं होतं, पण बँडबाजाचं म्हणून वेगळं सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. त्यांनी मशीनपुढे उभं राहून हात जोडले, डोळे मिटले. मग हेडफोन काढून मागच्या माणसाला दिले. त्यानं हात जोडले. मग त्याच्या मागची बाई आली, तिनं अंबाड्यामुळं ते उलटे लावले. बघता बघता तिथं छोटी रांग लागली. कुणी हसत नव्हतं. बाहेर सगळ्या मांडवाला बासरी ऐकू येत होती आणि एकेक जण येऊन कानात आपला देव ऐकून जात होता.

बाबा हे सगळं काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मी त्यांच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते.

"थे लोक तेती रांग लावून काय करून राह्यले?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. "गणपती ऐकून राह्यले, बाबा."

"कानात?"

"हो."

"अन् आपल्यासाठी बाहेर हे ठेवलं?"

"हो."

बाबांनी काठी रोवली आणि उठले. माझा हात आपोआप त्यांच्या धोतराच्या काठाकडे गेला, लहान पोरीसारखा. पण तेवढ्यात मागच्या सगळ्या खुर्च्या वाजल्या, माणसं उठत होती. अक्षता वाटून झाल्या होत्या, मंगलाष्टकं सुरू होत होती, सगळेच उभे राहिले होते. बाबा बाहेर गेले नाहीत. प्रत्येक 'सावधान'ला त्यांनी हात उंच करून नातीवर अक्षता टाकल्या, म्हातारा हात, अर्ध्या तर पुढच्या माणसाच्या टोपीवर पडत होत्या. अंतरपाट दूर झाला. भाचीनं आधी नवऱ्याकडे बघायचं सोडून आबांकडे बघितलं आणि हसली. टाळ्या झाल्या, डीजेवाल्यानं खोकी पूर्ण उघडली, आणि बार्शीटाकळीकरांनी रिंगण धरलं.

त्या गोंगाटात बाबा माझ्याकडे वळले. त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"तुया लग्नाच्या अक्षदा माया मुठीतच राह्यल्या होत्या, माय. फाटकापाशी गेल्यावर समजलं. वापस याची हिंमत झाली नाई. तोवर लगन लागून गेलं होतं."

एवढी वर्षं मला वाटत होतं, बाबा उठले आणि त्यांना काही वाटलं नाही. त्यांना परत यावंसं वाटलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

त्यांनी डावी मूठ उघडली. त्यात आजच्यातल्या थोड्या अक्षता राखलेल्या होत्या, घामानं हळद तळहाताला लागलेली. त्या त्यांनी माझ्या डोक्यावर टाकल्या, मग जरा थांबून माझ्या नवऱ्याला हातानं जवळ बोलावलं आणि उरलेल्या त्याच्या डोक्यावर. जावयाला काही कळेना, तो तरी वाकला.

मी पन्नाशी उलटलेली बाई भर मांडवात हुंदके देऊन रडले. मागून कुणी तरी म्हणालं, आत्याचा लय जीव हाये बरं पोरीवर. मी पदर तोंडाला लावून मान हलवली.